पाणी तेवढेच आहे, म्हणून नियम नकोत?

गेल्या महिन्याभरात एकच संदेश मला तीन वेगवेगळ्या माणसांकडून आला. पहिल्या दोन वेळा मी तो न वाचता सोडून दिला. तिसऱ्यांदा तो मावशीने पाठवला आणि खाली लिहिले, ‘यात चूक काय आहे ते मला नीट सांग.’ मावशीने तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. जलचक्राची आकृती मी पहिल्यांदा तिच्याच हाताखाली काढली होती. संदेशाच्या वर नेमकी तीच आकृती होती, आणि तिच्या आधारावर जे काही रचले होते ते वाचून माझा संयम संपला.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पृथ्वीवरचे पाणी थेंबभरही कमी झालेले नाही. तापमान वाढले तर बाष्पीभवन वाढेल आणि त्यामुळे पाऊसही वाढेल. नद्यांच्या पाण्याची वाटणी दीर्घकालीन सरासरीवर झालेली आहे, ती पुन्हा उकरून काढण्याचे कारण नाही. आपल्या जमिनीखालचे पाणी आपले असते, ते मोजू देणे म्हणजे हक्क सोडून देणे. उरलीसुरली अडचण धरणे बांधून आणि समुद्राचे पाणी गोडे करून सुटेल. तेव्हा पाण्याचे नियमन म्हणजे हवामानबदलाच्या नावाखाली लोकांच्या पाण्यावर ताबा मिळवण्याचा प्रकार आहे.

पहिले विधान खरे आहे, पण त्याचा उपयोग काही नाही. पृथ्वीवरचे सुमारे ९७ टक्के पाणी खारे आहे आणि उरलेल्या गोड्या पाण्यापैकी जवळपास दोन तृतीयांश बर्फाच्या रूपात आहे. शिवाय जगातल्या एकूण पाण्याचे नियमन कोणी करत नाही. नियमन होते ते अमुक नदीत अमुक महिन्यात वाहणाऱ्या पाण्याचे. आकृतीतल्या बाणांवर काळ लिहिलेला नसतो, ही खरी मेख आहे. हवेतली वाफ साधारण आठ-दहा दिवसांत पुन्हा जमिनीवर येते, पण खोल भूगर्भातले पाणी परत भरायला कित्येक हजार वर्षे लागू शकतात. आकृतीत हे दोन्ही बाण सारख्याच जाडीचे आणि सारख्याच लांबीचे दिसतात.

दुसरे विधान मात्र अर्धवट माहितीतून आलेले आहे, आणि म्हणूनच ते लोकांना पटते. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्राचे प्रस्थापित तथ्य आहे. पण जगभरातला एकूण पाऊस त्या प्रमाणात वाढत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार ही वाढ प्रत्येक अंशामागे १ ते ३ टक्के एवढीच असते. या तफावतीत सगळी अडचण साठलेली आहे. मुसळधार पाऊस अधिक तीव्र होतो, तर पावसाच्या दोन सरींमधल्या कोरड्या काळात तीच तापलेली, तहानलेली हवा जमिनीतला ओलावा अधिक वेगाने ओढून घेते. बर्फावर अवलंबून असलेल्या खोऱ्यांत तर उन्हाळ्यात हळूहळू वितळून मिळणारे पाणी आधीच वाहून जाते. कॅलिफोर्नियात पाच कोरड्या वर्षांनंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये एवढा पाऊस झाला की ओरोव्हिल धरणाचा सांडवा उखडला आणि सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना घरे सोडावी लागली. ही सहा वर्षे एकत्र करून त्यांची सरासरी काढली तर ती कदाचित सुसह्य दिसेल. प्रत्यक्षात त्या लोकांच्या वाट्याला आधी टंचाई आणि मग पळापळ आली.

सरासरीवर विसंबून राहण्याचे परिणाम पाहायचे असतील तर कोलोरॅडो नदी पाहावी. अमेरिकेतल्या सात राज्यांसाठी १९२२ मध्ये या नदीचा करार झाला तेव्हा वरच्या आणि खालच्या खोऱ्याला मिळून दरवर्षी सुमारे १८.५ अब्ज घनमीटर पाणी देण्याचे ठरले. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोचे सुमारे १.८५ अब्ज घनमीटर त्यात जोडले गेले. हा हिशेब ज्या काळाच्या मोजमापांवर आधारलेला होता तो काळच असाधारण ओला होता, हे झाडांच्या खोडांतील वलयांच्या अभ्यासातून १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. सन २००० नंतर नदीचा नैसर्गिक प्रवाह सरासरी सुमारे १५ अब्ज घनमीटरवर आला आहे. वाटून दिलेले पाणी वीस अब्ज आणि वाहणारे पंधरा अब्ज, अशी ही स्थिती आहे. पी. सी. डी. मिली आणि के. ए. डन या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या वाढीमागे या नदीचा प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी घटतो, कारण बर्फाचे आच्छादन कमी झाले की जमीन अधिक ऊन शोषते आणि बाष्पीभवन वाढते. ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली. जुनी वाटणी उकरायची नाही असे म्हणणाऱ्याने एवढेच सांगावे की नसलेले पाच अब्ज घनमीटर पाणी कोणाच्या वाट्याला घालायचे.

चौथ्या विधानाचा मला सर्वाधिक राग आहे, कारण ते वाचून कोणी खरोखर तसे वागले तर होणारे नुकसान भरून येत नाही. आटलेली नदी डोळ्यांना दिसते. खाली गेलेले भूजल दिसत नाही. पाऊस चुकतो तेव्हा भूजल हाच शेवटचा आधार असतो, आणि लहरी होत चाललेल्या पावसात तो राखून ठेवणे अधिकच गरजेचे झाले आहे. शेताचा बांध जमिनीखाली जात नाही. माझा खोल पंप शेजाऱ्याच्या विहिरीतली पातळी उतरवतो आणि त्याचा पंप माझ्या. शिवाय प्रमाणाबाहेर उपसा झाला की चिकणमातीचे थर दबून कायमचे घट्ट होतात. मग कितीही पाऊस पडला तरी त्या थरांत पूर्वीइतके पाणी मावत नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन सुमारे ९ मीटर खचली. एवढे दिसत असूनही त्या राज्यात भूजलाच्या शाश्वत वापराचा राज्यव्यापी कायदा २०१४ मध्ये झाला.

मोजणी म्हणजे हक्कावर घाला, हेही इतिहासाशी जुळत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा १९६५ चा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या एका भूजल खोऱ्यावर होता. तिथे बेसुमार उपशामुळे समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले होते. उपसा करणाऱ्यांनी न्यायालयाच्या चौकटीत एकमेकांचा उपसा मोजला आणि आपापला वाटा कमी करायला मान्यता दिली. मोजल्यामुळेच प्रत्येकाचा वाटा निश्चित झाला आणि तो दुसऱ्याला हिरावून घेणे अवघड झाले.

धरणे आणि समुद्राच्या पाण्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. धरण पाऊस निर्माण करत नाही, आणि पुरासाठी किती जागा मोकळी ठेवायची व उन्हाळ्यासाठी किती पाणी राखायचे हे ठरवायला पुन्हा नियमच लागतात. समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी दर घनमीटरला सुमारे तीन ते चार युनिट वीज लागते. किनाऱ्यावरच्या शहरांच्या पिण्यासाठी तो उपाय चालतो, हे मी मान्य करतो. पण जगातल्या पाण्याच्या उपशापैकी सुमारे ७० टक्के शेतीसाठी होतो आणि तो भार असा पेलणार नाही.

शेवटच्या आरोपात मात्र थोडे तथ्य आहे, आणि नाइलाजाने का होईना, ते मला स्वीकारावे लागते. सत्ता चालवणारे आपल्या चुका हवामानावर ढकलतात, आणि बळकट माणूस नियम वाकवतो. ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याच्या हक्कांची व्यवस्था जगात नावाजलेली होती, तरी वरच्या भागात चोरून उपसा होत असल्याचे आरोप २०१७ मध्ये पुढे आले, आणि न्यू साउथ वेल्समधली अंमलबजावणी कमकुवत असल्याचे स्वतंत्र चौकशीत दिसून आले. त्यावर तिथे नियम रद्द केले गेले नाहीत. वेगळी नियामक संस्था नेमली गेली आणि मीटरची सक्ती वाढवली गेली. केप टाउनमध्ये २०१८ च्या आरंभी माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली, तेव्हा धरणांतला साठा आणि शहराचा वापर लोकांना नियमितपणे कळत होता. टंचाईपूर्वीच्या तुलनेत तिथला वापर जवळपास निम्म्यावर आला आणि नळ बंद करण्याची वेळ टळली. ताब्याची भीती वाटत असेल तर मागणी आकडे उघड करण्याची हवी, मोजणी थांबवण्याची नव्हे.

हे सगळे मी मावशीला कळवले, तेव्हा तिने एकच विचारले, की आता मुलांना जलचक्राची आकृती कशी दाखवायची. मी म्हटले, आकृती तीच ठेव. फक्त प्रत्येक बाणाशेजारी त्याला लागणारा काळ लिही, आणि जमिनीखालून पंपाने वर येणारा एक बाण नव्याने काढ, कारण तो आपल्या आकृतीत कधीच नव्हता.