दुसऱ्याचं गुपित सांभाळायची सोपी पद्धत

तर समजा पेटंटची केस चालू आहे, लायसन्सपोटी रॉयल्टी किती द्यायची यावरून दोन कंपन्या भांडतायत आणि कोर्टाने सांगितलं की आधी दुसऱ्यांशी केलेले करार आणून दाखवा. त्या करारात कोणी कोणाला किती पैसे दिले हे सगळं असतं, म्हणजे कंपनीची कुंडलीच. पण टेन्शन घेऊ नका. कोर्टाची प्रोटेक्टिव्ह ऑर्डर असते, म्हणजे गुपित कागद कोणी बघायचे ते ठरवणारा हुकूम. कागदावर 'फक्त बाहेरच्या वकिलांसाठी' (म्हणजे कंपनीच्या नोकरीत नसलेल्या) असा शिक्का मारला की काम झालं, बाकीच्यांना ती अक्षरं दिसतच नाहीत म्हणे.

शिक्का मारताना हात आखडता घेऊ नका हं. पार्किंगच्या नकाशावर मारा, जाहीर झालेल्या वार्षिक अहवालावर मारा, जमलंच तर ज्या पेटंटवरून केस चालू आहे आणि जे सगळ्या जगाला वाचता येतं त्याच्यावरही मारा. सगळंच गुप्त झालं की खरं गुप्त काय ते तुमच्या माणसांनाही ओळखता येत नाही, यापेक्षा जास्त सुरक्षा कुठे मिळणार?

मग आकडे झाकायचं काम. हे रात्री उशिरा, सगळ्यात नवीन ज्युनिअरला द्यायचं. पीडीएफमध्ये मजकुरावर काळी पट्टी ओढायची, खालचा मजकूर तसाच ठेवायचा, समोरच्याने कॉपी-पेस्ट केलं तर तो त्याचा आगाऊपणा.

अॅपल-सॅमसंग केसमध्ये सॅमसंगच्या बाहेरच्या वकिलांनी तर पट्टीचीही फार चिंता केली नाही. तज्ज्ञाच्या रिपोर्टमध्ये अॅपल-नोकिया कराराच्या अटी एका ठिकाणी उघड्याच राहिल्या, मार्च २०१२ मध्ये तो सर्व्हरवर चढला आणि सॅमसंगच्या ५० हून जास्त लोकांपर्यंत गेला. वर्षभर सगळं कसं शांत! मग जून २०१३ मध्ये नोकियाशी लायसन्सची बोलणी चालू असताना सॅमसंगच्या अधिकाऱ्याने त्या अटी आपल्याला माहीत असल्याचं बोलून दाखवलं, असं नोकियाच्या माणसाने शपथेवर सांगितलं. म्हणजे फुकट मिळालेली माहिती समोरच्याच्या तोंडावर सांगायची, केवढा तो प्रामाणिकपणा! गैरवापराचा पुरेसा पुरावा नाही असं कोर्ट म्हणालं, पण अॅपल आणि नोकियाचा वीसेक लाख डॉलरचा खर्च त्या वकिलांच्या फर्मच्या गळ्यात पडला. कोर्ट पण ना, एवढ्या तेवढ्यावरून.

तुमच्या हातून असं झालंच तर लगेच सगळ्यांना मेल टाका, 'कृपया आधीचा मेल वाचू नये'. आणि कुठला मेल ते कळावं म्हणून तीच फाइल परत जोडायला विसरू नका.