वाळलेल्या फुलातही पुष्कळ काही शिल्लक असते

उत्तम छायाचित्रे सहज मिळत असताना विद्यापीठांनी वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह का जपावेत, या लेखातील प्रश्नाला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहाचे उदाहरण चांगले उत्तर देते. तेथील वनस्पतिशास्त्र विभाग सह्याद्रीतील कंदीलपुष्पांच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, अभ्यासासाठी ओळखला जातो. छायाचित्रात या फुलाचा बाहेरचा कंदील दिसतो, परंतु जाती ओळखताना नळीच्या तळाशी दडलेले किरीट, म्हणजे फुलाच्या आतला मुकुटासारखा भाग, पाहावे लागते; त्यासाठी जुने वाळलेले फूलही गरम पाण्यात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली उलगडता येते. वाळताना रंग उडतो, म्हणूनच नमुना चिकटवलेल्या कागदावरील चिठ्ठीत ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचे नाव यांबरोबर फुलाचा रंगही लिहिलेला असावा लागतो. अशा चिठ्ठीविना नमुन्याचे मोल फारच घटते. शिवाय १९५८पासून नव्या जातीच्या नावासाठी प्ररूप नमुना, म्हणजे ते नाव ज्याच्याशी कायमचे जोडलेले राहते तो नमुना, निर्देशित करणे वनस्पती-नामकरणाच्या नियमाने बंधनकारक आहे. कोकण-घाटमाथ्याच्या दमट हवेत बुरशी आणि कसर यांपासून हे कागद वाचवायला प्रशिक्षित, कायमस्वरूपी कर्मचारी लागतात, आणि माझ्या मते विद्यापीठांच्या अंदाजपत्रकात याच पदांना सर्वप्रथम स्थान मिळाले पाहिजे.