मींड तुटत नाही, तुटतो तो बेल्ट

गेल्या दोन-तीन आठवड्यांत एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी वर "खास तुझ्यासाठी" असंही लिहिलं होतं. माझ्या घरी पाच-सहाशे सीडी आहेत आणि त्या मी अजून प्लेअरवरच ऐकतो, हे आमच्या गोतावळ्यात सगळ्यांना माहीत आहे. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: सीडीत आवाजाचे तुकडे साठवलेले असतात, म्हणून आपल्या संगीतातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, तुटते. खरा आवाज हवा तर लाखाच्या घरातला प्लेअर घ्या, साध्या प्लेअरवर सीडी लावणं म्हणजे गाण्याचा अपमान. तेवढे पैसे घातले तरी लेसर चार-पाच वर्षांत संपतो आणि यंत्र भंगारात जातं. सीडीवर एक ओरखडा पडला की ती गेली, आणि नाही पडला तरी दहा वर्षांत ती आपोआप कोरी होते. शेवटी अर्थातच, "जाणकारांनी तपासलेली माहिती. पुढे पाठवा."

मी पुढे पाठवली नाही. मी इंजिनिअर नाही, पण पंचवीस वर्षांत तीन प्लेअर वापरलेत आणि त्यातले दोन स्वतः उघडून बसवलेत. तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

मींडेपासून सुरुवात करू, कारण हा मुद्दा सगळ्यात पटण्यासारखा वाटतो. मजकुरासोबत चित्रही आहे: वर गुळगुळीत लाट, खाली जिन्यासारख्या पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली लिहिलंय "सीडी". सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापं असतात, डाव्या बाजूची वेगळी आणि उजव्या बाजूची वेगळी, एवढं खरं. पण ही मोजमापं म्हणजे नुसते बिंदू. पायऱ्या चित्र काढणाऱ्याने जोडल्यात. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते हे आपण शाळेत शिकलो. मधली जागा मोकळी असली तरी रेषा कुठून जाणार याबद्दल शंका नसते. इथेही तसंच आहे. २२,०५० हर्ट्झच्या वरचं काहीही आत नको अशी अट घातली, तर त्या सगळ्या बिंदूंमधून जाणारी गुळगुळीत लाट एकच असते. क्लॉड शॅननने १९४९ साली याची सिद्धता छापली. प्लेअरमधलं डिजिटलचं अॅनालॉग, म्हणजे आकड्यांची लाट करणारं सर्किट (कन्व्हर्टर) आणि त्यापुढचा फिल्टर मिळून तीच एक लाट बाहेर काढतात. गंधारावरून षड्जावर उतरणारी मींड त्या लाटेत सलगच असते.

माणसाचा कान ऐन तारुण्यात फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत जातो. साठीला आलेले आपण बारा हजारांच्या पुढे बहुधा काहीच ऐकत नाही. तानपुऱ्याच्या जवारीतून, म्हणजे तारेच्या झणझणीतून, उमटणारे वरचे स्वर काही हजारांपर्यंत चढतात, तेही या मर्यादेत आरामात बसतात.

पण ही तक्रार हवेतून आलेली नाही. सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये १,६८,००० येनला विक्रीला आला. त्यात दोन्ही बाजूंसाठी एकच कन्व्हर्टर होता. तो आळीपाळीने डावीकडचं आणि उजवीकडचं काम करायचा, त्यामुळे दोन बाजूंमध्ये सुमारे ११ मायक्रोसेकंदांचा फरक राहायचा. सीडीवरचं प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, म्हणजे १६ अंकी बारकाईचं असतं, आणि फिलिप्सकडे तर तेव्हा १४ बिटांचाच कन्व्हर्टर तयार होता. तो त्यांनी चौपट वेगाने चालवून १६ बिटांच्या जवळ नेला. जुगाडच म्हणायचा, पण अव्वल दर्जाचा. त्या काळातल्या कित्येक सीडी एलपीसाठी तयार केलेल्या टेपांवरून जशाच्या तशा काढल्या गेल्या, म्हणून त्या टोचायच्या. शिवाय काही सुरुवातीच्या सीडींवर वरचे स्वर मुद्दाम चढवून भरलेले असत आणि "वाजवताना हे उतरव" अशी खूण प्लेअरसाठी ठेवलेली असे. सीडी कॉम्प्युटरवर उतरवताना सॉफ्टवेअरने ती खूण पाहिली नाही, तर गाणं आजही कर्कश लागतं. मग लोक म्हणतात, बघा, डिजिटल.

आता लाखाचा प्लेअर.

एका दिवाळीत मेहुणा त्याचा महागडा प्लेअर घेऊन आला होता. आम्ही तो आणि माझ्याकडचा साधा डीव्हीडी प्लेअर एकाच अॅम्प्लिफायरला जोडले, दोन्हींत एकाच सीडीच्या दोन प्रती घातल्या आणि ऐकलं. मेहुण्याचा सरळ सरळ सरस वाटला. खोली मोठी झाल्यासारखी, आवाजाला अंग आल्यासारखं. मग मी मल्टिमीटर काढला. १,००० हर्ट्झचा चाचणीचा सूर दोन्हींवर वाजवून अॅम्प्लिफायरच्या बाहेरचे व्होल्ट मोजले. मेहुण्याचा प्लेअर जरासा मोठ्याने वाजत होता. इतका जरासा, की "मोठा आवाज" म्हणून तो कळतच नाही, "चांगला आवाज" म्हणून कळतो. व्होल्ट सारखे करून मुलीला अॅम्प्लिफायरमागे बसवलं. ती नाणं उडवून कुठला प्लेअर लावायचा ते ठरवायची, आम्ही कागदावर लिहायचो. सोळा वेळांत माझी नऊ उत्तरं बरोबर आली, मेहुण्याची सात. चहा होईपर्यंत तो फारसं बोलला नाही.

आमचा खेळ म्हणजे काही संशोधन नव्हे. पण नीट केलेलं कामही आहे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण वाजत असताना मध्येच ते सीडीच्या दर्जाला उतरवायचं आणि श्रोत्यांना फरक ओळखायला सांगायचं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही साधारण तेवढीच येतात. त्यावर आक्षेप घेतले गेले, तेही सांगायला हवं. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांतल्या साडेबारा हजारांच्या आसपास चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. सराव करून बसलेल्यांची त्याहून जास्त. म्हणजे फरक असलाच तर इतका बारीक आहे. जमीन-अस्मान वगैरे काही नाही.

मग फरक कशात असतो? सीडीत. एकाच अल्बमची १९८० च्या दशकातली सीडी आणि पुढे "रीमास्टर" म्हणून आलेली सीडी लावून बघा. दुसरीत सगळंच वर ओढलेलं असण्याची शक्यता बरीच. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर आवळून टाकलेलं असतं. १६ बिटांत ९६ डेसिबलचं अंतर मावतं, आणि भरणारे त्यातलं दहा-बाराच वापरतात. तो दोष प्लेअरच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

स्वस्त यंत्रांचे खरे दोष वेगळेच असतात आणि ते मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नाहीत. माझा डीव्हीडी प्लेअर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर गप्प होतो. फिल्मी गाण्यांना काय फरक पडतो? पण मैफलीच्या सीडीवर आलाप सरून जोड सुरू होतो, तिथे ट्रॅक बदलतो, आणि सतारीची आस, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद, मध्येच कापला जातो. मींड तुटते म्हणायचं असेल तर इथे म्हणा.

लेसरचा मुद्दा मात्र मला मनापासून लागला, कारण याच समजुतीपायी चांगले प्लेअर भंगारात जातात.

माझा मुख्य प्लेअर १९९९ चा. २०१९ च्या पावसाळ्यात त्याचा ट्रे उघडेना. बटण दाबलं की आत गरगर आवाज, ट्रे अर्धा इंच पुढे येणार आणि लाजल्यासारखा परत आत जाणार. पेठेतल्या एका दुकानात नेला. तिथल्या माणसाने झाकणही न काढता निदान केलं. "काका, लेन्स गेली. आता मिळत नाही. ठेवून जा, पाचशे देतो." आपल्याकडे दुरुस्तीवाले लेसर, लेन्स, तिच्या तारा, सगळ्याला मिळून "लेन्स"च म्हणतात, आणि प्लेअरला काहीही झालं तरी लेन्सच गेलेली असते. ट्रे उघडण्याचा आणि लेसरचा मुळात संबंध काय?

घरी आणून स्क्रू काढले. ट्रेच्या पुढच्या बाजूला लहान मुलीच्या बांगडीएवढा रबरी बेल्ट होता. सैल पडलेला आणि इतका गुळगुळीत, की पुली नुसती त्याच्या आत फिरत होती. उकळत्या पाण्यात टाकला की असा बेल्ट जरा आवळतो, महिनाभर ढकलता येतं. नवा तीस रुपयांना मिळाला.

उघडलाच आहे तर म्हणून पुढे पाहिलं. शेवटचे ट्रॅक अडखळायचे त्याचं कारणही तिथेच होतं. लेन्सचा गाडा ज्या दांड्यावर सरकतो, त्यावरचं ग्रीस वाळून मेणासारखं तपकिरी झालं होतं. सीडी आतून बाहेर वाजते, म्हणून गाडा अडला की आधी कडेचे, म्हणजे शेवटचे ट्रॅक रुसतात. जुनं ग्रीस पुसून नवं, अगदी नखभर, लावलं. लेन्सवर धूळ होती. ती प्लास्टिकची असते आणि अगदी नाजूक आधारांवर तरंगत असते, म्हणून कोरड्या कापसाच्या काडीने, माशी उठवावी तितक्याच जोराने. प्लेअर आजही चालू आहे. लेसर तोच, १९९९ चा.

लेसर म्हातारा होतच नाही असं नाही. तेवढाच उजेड पाडायला त्याला हळूहळू जास्त करंट लागू लागतो. मग घरी लिहिलेल्या सीडी तो आधी नाकारतो, नंतर विकतच्याही. पण तो झिजतो पेटलेला असतानाच, म्हणून सीडी लावून प्लेअर तासन्‌तास "पॉझ"वर ठेवू नये. तेव्हाही चकती फिरत असते आणि लेसर जळत असतो. अशा थकलेल्या लेसरवर गल्लीतला हमखास इलाज म्हणजे लेन्सच्या बाजूचा इवलासा स्क्रू पिळणं. करंट वाढतो, प्लेअर त्या दिवशी टुणकन उठतो, गिऱ्हाईक खूश. मेहुण्याच्या आधीच्या प्लेअरला एकाने हाच इलाज केला होता. चार महिने वाजला, मग कायमचा गप्प.

नवी लेन्स मिळत नाही, हेही सरसकट खरं नाही. सोनीची केएसएस-२१३ कित्येक कंपन्यांच्या प्लेअरमध्ये होती आणि ती अजून मिळते. नकला बऱ्याच आहेत, डोळे उघडे ठेवून घ्यावी. अशा नव्या लेन्सवर स्थिर विजेपासून बचाव म्हणून कथिलाचा एक थेंब लावलेला असतो. पट्टीची केबल जोडून झाली की तो काढायचा. तो काढायचं विसरून "नवी लेन्सपण खराब निघाली" म्हणणारे मी पाहिलेत. काही जुन्या यंत्रणांचे भाग मात्र खरंच मिळत नाहीत, तिथे माझाही नाइलाज आहे.

ओरखड्याचं थोडक्यात सांगतो. सीडीवर माहिती सलग लिहिलेली नसते. ती मागे-पुढे विखरून, सोबत तपासणीचे जास्तीचे आकडे घालून ठेवलेली असते. त्यामुळे लेसर ज्या गोल वाटेवरून वाचत जातो, तिच्यातलं सुमारे अडीच मिलिमीटर पुसलं गेलं, तरी प्लेअर ते हिशेबाने पूर्णपणे परत मिळवतो. अंदाजाने नव्हे, अगदी मूळ होतं तसं. शिवाय खालून लेसरला १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिकमधून पलीकडे बघायचं असतं, त्यामुळे पृष्ठभागावरची बारीक रेघ त्याच्या नजरेच्या टप्प्यातच येत नाही. जपायची ती वरची, छापील बाजू. तिथे अॅल्युमिनियमचा थर आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये लाखेची पातळ साय असते, बस्स. आपण मात्र सीडी टेबलावर छापील बाजू खाली करून ठेवतो. आणि पुसताना ग्रामोफोन तबकडीसारखी गोल पुसतो. मधून कडेकडे पुसायची, म्हणजे पडलीच रेघ तर ती वाटेला आडवी जाते, वाटेवरून लांबवर जात नाही.

राहिली दहा वर्षांची मुदत. याच्या मागेही एक खरी गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नला पीडीओ या सीडी काढणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात काढलेल्या काही सीडी कडेपासून पितळी पडत गेल्या आणि वाजेनाशा झाल्या. वरची लाख पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाला टिकली नाही आणि आतला थर गंजला. कंपनीने पुढे कित्येक वर्षं त्या बदलून दिल्या. पण हा एका कारखान्याचा घोटाळा होता, सगळ्या सीडींचं आयुष्य त्यावरून मोजता येत नाही. माझ्याकडे १९९० च्या आसपासच्या चाळीसेक सीडी आहेत. त्यातल्या दोन बिघडल्या, आणि त्या दोन्ही संचाच्या डब्यातल्या फोमच्या गोल चकतीमुळे. फोम विरघळून छापील बाजूला चिकटला होता. तुमच्याकडे असे डबे असतील तर फोम आजच काढून टाका.

घरी लिहिलेल्या सीडींबद्दल मात्र मजकूर बरोबर आहे, म्हणजे चुकून. त्यात माहिती रंगाच्या थरात असते आणि तो रंग उन्हाने, दमटपणाने उडतो. लग्नाचं, मुंजीचं, कुणाच्या घरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग तसल्या सीडीवर असेल तर या रविवारी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

आणि जुना प्लेअर विकत घ्यायला जाताना सत्तर मिनिटांच्या वरची एक सीडी खिशात न्या. ट्रे सात-आठ वेळा उघड-मीट करा. मग सरळ शेवटचा ट्रॅक लावा, तो संपेपर्यंत ऐका, आणि तिथून एकदम पहिल्यावर या. दुकानदार घाई करायला लागला तर पुन्हा शेवटचा लावा.