कवितेचं कुणी विचारेल का?

मागच्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह घेतला होता. आठ-नऊ जण होतो. चहा यायच्या आतच पहिला प्रश्न, ऑपरेशन झालंय का हो त्यांचं? मग घरचे बोलतात का, मग पोट कसं भरतं, अर्धा तास नुसतं हेच. पुस्तक टेबलावर पालथं पडलेलं आणि ते कुणी उघडेचना.

मी पण त्यातलीच, उगाच शहाणपणा करत नाही. दोन वर्षांपूर्वी दिशाताईंची एक मुलाखत "नक्की बघा, डोळ्यात पाणी येईल" असं लिहून मी चार ग्रुपवर टाकली होती आणि तोवर त्यांची एकही कविता वाचली नव्हती. एकही! आपल्याला त्यांचं आयुष्य हवं असतं, तेही रडवणारं, रडून झालं की आपण मोकळे. श्रीरामपूरची एक बाई इथेच, फेसबुकवर, कविता लिहीत लिहीत लोकांपर्यंत पोचते, २०१९ ला वंचित बहुजन आघाडीची प्रवक्ता होते, आणि तेव्हाही सगळी चर्चा 'तृतीयपंथी प्रवक्ता' या दोन शब्दांवरच, कविता कुठेतरी मागे. आणि पुस्तकाचं नाव तरी बघा ना, 'कुरूप'. लोकांनी म्हणायच्या आत आपणच मुखपृष्ठावर छापून टाकलं, आता बोला काय बोलायचंय ते.

मला खरं बोलायचंय ते व्याकरणावर. हसू नका. मराठीत 'मी' म्हणून थांबता येत नाही, पुढे गेलो की गेले, जातो की जाते, हे लगेच सांगावंच लागतं. बंगालीत, मल्याळममध्ये क्रियापदाला हे लिंगाचं लचांडच नाही, तिथली ट्रान्स कवयित्री 'मी गेले' लिहिते तेव्हा ती फक्त गेलेली असते, आपल्याकडे मात्र त्या एका 'ले' मध्ये घरच्यांशी, शाळेशी, दाखल्यावरच्या नावाशी झालेलं सगळं भांडण येऊन बसतं. सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या २०१४ च्या नाल्सा निकालात आपली ओळख आपण ठरवायचा हक्क मान्य केला, मराठीत लिहिणारीला तो हक्क वाक्यावाक्याला वापरावा लागतो. (काही ठिकाणी सूट आहे, भविष्यकाळात 'मी येईन', किंवा 'मी कविता लिहिली', कुणीही असा.)

आणि नपुंसकलिंग? शाळेत आपण ते झाड, ते टेबल, ते पुस्तक म्हणून शिकलो आणि तेच 'ते' रस्त्यावर माणसाला लावतो, "ते आलं बघ". ही शिवी वेगळी शोधावी लागली नाही, व्याकरणात तयारच होती. त्या भाषेत, तिचीच क्रियापदं वापरून कुणी 'मी' लिहितं तेव्हा त्याला धाडसी वगैरे म्हणून पुढे जाऊ नका प्लीज, ते आधी भाषेचं काम आहे, कवीचं काम आहे. साहित्य अकादमीने २०१८ ला कोलकात्यात तृतीयपंथी कवींचं संमेलन घेतलं ते मला म्हणूनच आवडलं होतं, कवी म्हणून बोलावलं होतं त्यांना. पण तेही वेगळं संमेलन, वेगळी पंगत. नेहमीच्या कविसंमेलनात, निसर्गकवितेच्या आणि पाऊसकवितेच्या मध्ये एक नाव म्हणून किती वेळा बोलावतो आपण?

तर कट्ट्यावर शेवटी आमच्यातल्या निवृत्त मास्तरांनी पुस्तक उचललं. आयुष्यभर व्याकरण शिकवलेला माणूस, आवाज खणखणीत. एक कविता सुरू केली आणि एका ओळीच्या शेवटी छापलेलं 'ले' सोडून सवयीने 'लो' म्हणाले. थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. सॉरी वगैरे काही नाही, सरळ पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली, आणि त्या शब्दाशी आल्यावर आवाज किंचित हळू झाला.

त्या दिवशी तीनच कविता झाल्या. बाकीच्या येत्या रविवारी. ऑपरेशनचा प्रश्न परत येणारच, तो विचारणाऱ्या काकूंनी तसं बजावलंयही, त्यावर मास्तर म्हणाले, आधी एक कविता मोठ्याने वाचायची, मग विचारायचं. काकूंनी पुस्तक घरी नेलंय.