मुंडावळ्या गेल्या कुठे?

लग्नाचा फोटो. नवरीची पाठ उन्हाकडे, त्यामुळे चेहरा काळवंडलेला. म्हटलं, फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरला सब्जेक्ट, म्हणजे नवरी, आपोआप निवडायला सांगू, तेवढ्याच भागाचं एक्स्पोजर (उजेड) +1 करू, सुटलो! कसलं काय. निवडीतून मुंडावळ्या गायब, गजरा अर्धाच, आणि मागे उभ्या मामांचा कान मात्र आत! +1 म्हणजे उजेड थेट दुप्पट, मग कडेची चूक लपते होय? डोक्याभोवती तसबिरीतल्या देवासारखं तेजोवलय. कड मऊ करावी तर उजेड भिंतीवर सांडतो. बसा मग ब्रश घेऊन, केस न् केस रंगवत. त्यात फाइल जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेली; 8 बिटची, म्हणजे छटा मोजक्याच. सावली उचलली की नुसते डाग. (रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या न दाबलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढ म्हणून हजारदा सांगितलंय धाकट्याला.) एवढं करून पाठवलं, तर फोन: “दादा, अजून जरा गोरी करा ना!”