साडेसातला रिकामं होणारं हॉटेल

मावशी कोल्हापूरहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली ती 2024 च्या ऑक्टोबरात. नायगारा नको म्हणून तिने आधीच सांगून टाकलं. "पाणीच की ते. पंचगंगेचं बघून बघून कंटाळा आलाय." तिला हवं होतं ते एकच, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं नाटक. संगीत नाटकं बघत वाढलेली बाई. इथली माणसं गाणी कशी म्हणतात ते तिला एकदा ऐकायचं होतं.

त्यात तिच्या गावचं केशवराव भोसले नाट्यगृह जळून दोनच महिने झाले होते. शाहू महाराजांनी 1915 साली बांधलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. 8 ऑगस्टच्या रात्री आग लागली आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जसं होतं तसंच बांधू, अशी घोषणा सरकारने केली. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र वाद पेटला तो अजून विझलेला नव्हता. मावसभावाचं म्हणणं, बांधायचंच आहे तर आता नीट बांधा. खाली पार्किंग, वर फूड कोर्ट, दोन छोटी सभागृहं, चार दुकानं. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडून तिथे संकुल उभं करायचा विषय 2018 पासून अधूनमधून डोकं वर काढतो, त्याच धर्तीवर. आणि मी, चौदा वर्षं अमेरिकेत काढलेला शहाणा, त्याची री ओढत होतो. "इकडे बघा, ब्रॉडवेवर सगळं कसं एका जागी असतं!"

एका जागी काय असतं ते मी नीट पाहिलं नव्हतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

दुपारी टाइम्स स्क्वेअरच्या खिडकीवर रांग लावून निम्म्या दरात तिकिटं मिळवली. नाटक आठचं होतं. सव्वापाचला आम्ही तिघं सेहेचाळिसाव्या रस्त्यावर आलो. आठव्या आणि नवव्या अॅव्हेन्यूच्या मधला हा तुकडा म्हणजे रेस्टॉरंट रो. महापौर जॉन लिंडसे यांनी 1973 साली त्याला हे नाव दिलं. निम्म्या दराची ती तिकीटखिडकीही त्याच वर्षीची. टाइम्स स्क्वेअर तेव्हा संध्याकाळनंतर लोक टाळत अशी जागा होती, आणि माणसांना नाटकाकडे परत आणायचं तर आधी त्यांच्या पोटाची आणि खिशाची सोय बघायला हवी, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं.

आम्ही शिरलो ते एक चिलियन हॉटेल, अरुंद, जुन्या घराच्या तळमजल्यावरचं. मी निवडलं त्याला कारण फक्त मका. मावशीला मका आवडतो. वाढायला आलेली मुलगी चिलीतल्या वालपराइसोची होती. तिने आधी "काय पिणार?" विचारलं नाही. "किती वाजताचं?" विचारलं. आठचं म्हटल्यावर तिने मेन्यूतल्या दोन पदार्थांवर बोट ठेवून मान हलवली, यांना वेळ लागेल म्हणून. या रस्त्यावर सगळी संध्याकाळ तिसऱ्या घंटेच्या मागे चालते. फक्त घंटा इथे वाजत नाही. साडेपाचपासून खुर्च्या भरत जातात, सव्वासातला बिलं न मागता टेबलावर येतात आणि साडेसातला अख्खं हॉटेल रिकामं होतं. बिल आलं तेव्हा मावशी जरा दुखावली. "हाकलायलेत का काय आपल्याला?" हाकलत नव्हते, नाटकाला पोचवत होते.

पण त्याआधीचं जेवण. पिनो, म्हणजे कांद्यावर परतलेला खिमा, एम्पनाडात, म्हणजे त्यांच्या करंजीत, असतो आणि तो बहुधा गाईचा. म्हणून मावशीसाठी चीजचा एम्पनाडा घेतला. उमिता आली. ताजा मका वाटून, तुळशीच्याच जातीतली बेझिल घालून, मक्याच्याच सालात बांधून उकडलेली. मावशीने साल उलगडून वास घेतला आणि "पानगी" म्हणाली. मग कासुएला. मातीच्या खोलगट भांड्यात कोंबडीचा पातळ रस्सा, त्यात अख्खा बटाटा, भोपळ्याची मोठी फोड, कणसाचा तुकडा. पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या बाईसमोर असा रस्सा ठेवायला मला भीतीच वाटत होती. तिने चव घेतली, पेब्रेची वाटी जवळ ओढली (कोथिंबीर, कांदा, टोमॅटो, मिरची) आणि निम्मी त्यात ओतली. मग वरून मेर्केन, चिलीतल्या मापुचे आदिवासींची धुरावलेल्या मिरचीची पूड. "आता कसं. मी तर पोटभर जेवलो बघ." आमच्याकडे बायका मी आलो, मी जेवलो असंच म्हणतात. पुण्याला गेल्यावर आवरतात, न्यूयॉर्कला आवरायचं कारण नाही.

तो बटाटा तर त्यांच्याच बाजूचा. आज जगभर लावतात त्या बहुतेक बटाट्यांची वंशावळ चिलीच्या दक्षिणेकडे, चिलोए बेटांच्या बाजूला जाते. मध्यंतरातला आपला बटाटेवडा तिथून निघून केवढा वळसा घालून आला, असं मी म्हणालो. मावशीला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती भिंतीवरचा फोटो बघत होती.

फोटोत एक लांबलचक इमारत होती. चिलीच्या राजधानीतलं, संतियागोचं गाब्रिएला मिस्त्राल केंद्र. तिकडे त्याला नुसतं 'गाम' म्हणतात. या इमारतीची गोष्ट मी कधीतरी वाचली होती, ती मावशीला सांगितली. राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या काळात, 1972 साली, संयुक्त राष्ट्रांच्या एका परिषदेसाठी ती 275 दिवसांत उभी केली. परिषद संपल्यावर ती लोकांसाठी सांस्कृतिक केंद्र म्हणून खुली केली आणि नोबेल मिळवणाऱ्या कवयित्रीचं नाव दिलं. आत स्वस्तातलं भोजनालय होतं, विद्यार्थी आणि कामगार तिथे येऊन जेवत. मग 1973 चा सप्टेंबर आला. लष्कराने राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर बॉम्ब टाकले, राजवाडा जळाला आणि लष्करशहा पिनोचे यांच्या राजवटीने आपलं बस्तान याच इमारतीत बसवलं. नाव बदललं, दारं बंद झाली. 2006 मध्ये आग लागून मोठा भाग गेला आणि 2010 मध्ये ती पुन्हा उघडली, नाटक, नाच आणि संगीतासाठी, आरपार जाता येईल अशा मोकळ्या चौकासकट. जुनं नावही परत मिळालं.

"जळल्यावर चार वर्षं लागली तर," मावशी म्हणाली. तिच्या डोक्यात कुठलं नाट्यगृह होतं ते सांगायला नको.

मग मी माझं जुनं पालुपद सुरू केलं. बघ, त्यांच्याकडेही आत भोजनालय होतं, म्हणजे फूड कोर्ट काही वाईट नाही. मावशी म्हणाली, "विद्यार्थ्यांनी जेवायचं भोजनालय आणि तुझ्या भावाचं फूड कोर्ट एकच का रे?" आणि पुढे म्हणाली, "आमच्याकडं नाट्यगृहाला लागूनच खासबागेत भेळ आहे की. नाटकाच्या आधी भेळ, नाटक सुटल्यावर भेळ. तुमचा हा रस्ता त्याहून वेगळा काय आहे?"

मला उत्तर सुचलं नाही. आठच्या आधी नाट्यगृहात शिरलो आणि आजूबाजूला नीट पाहिलं तेव्हा ते आणखीच अवघड झालं. ब्रॉडवेची 41 नाट्यगृहं, त्यातली बरीचशी शंभरेक वर्षांची. आत जागा म्हणाल तर गुडघा पुढच्या खुर्चीला टेकतो. बाहेरचा व्हरांडा आपल्या शिवाजी मंदिरापेक्षा मोठा नाही. आत मिळतं ते झाकणाच्या पेल्यातलं पेय आणि गोळ्या-चॉकलेटं, तीही खिसा कापून. मी ज्याला "सगळं एका जागी" म्हणत होतो ते नाट्यगृहाच्या पोटात कुठेच नव्हतं, ते सगळं बाहेर रस्त्यावर होतं. नाट्यगृह पाडून त्यात हॉटेल घालायची गरज इथे पडली नाही, कारण हॉटेलांना नाटकाची वेळ पाठ आहे आणि रात्री अकराला बस मिळते. आपण वाद घालतो तो इमारतीत किती मजले हवेत यावर. साडेनऊचा प्रयोग साडेबाराला सुटल्यावर डोंबिवलीच्या किंवा हडपसरच्या माणसाने घरी कसं जायचं, हा प्रश्न कुठल्याच आराखड्यात दिसत नाही.

इथलं सगळं उचलावं असंही मी म्हणणार नाही. तिकिटं निम्म्या दरात मिळूनही तिघांचे अडीचशे डॉलर गेले आणि जेवणाचे टिपेसकट एकशे साठ. रुपयांत चौतीस हजारांच्या आसपास. आपल्याकडे पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही आणि त्या पाचशेवरूनही आपण कुरकुरतो. चौतीस हजारांत अडुसष्ट तिकिटं आली असती. मावशीने हा हिशेब माझ्याआधी केला होता. "तुमचं नाटक म्हणजे लग्न. आमचं नाटक म्हणजे मंगळवार," असं म्हणून तिने तो मिटवला.

इथे आमच्या मंडळात भारतातून नाटक येतं तेव्हा उलटीच तऱ्हा. शाळेचं सभागृह, तिकिटात जेवण धरलेलं, पुरी-भाजी आणि श्रीखंड. रांग संपेपर्यंत प्रयोग पाऊण तास खोळंबतो आणि पहिल्या अंकात प्रेक्षक पेंगतात. जेवण नाटकावर बसलं की काय होतं, ते बघायचं असेल तर तिथे या.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. मावशी बायकांच्या संडासाच्या रांगेत उभी राहिली आणि परत आली तेव्हा दिवे मालवले होते. रांग जिन्यावरून खाली तळघरापर्यंत होती म्हणे. शंभर वर्षांपूर्वी नाट्यगृह बांधणाऱ्यांना बायका नाटकाला येतात हे माहीत नसावं. तिकडचे आणि इकडचे, दोघेही या बाबतीत एका माळेचे मणी.

परतताना पुन्हा त्याच हॉटेलावरून आलो. आत दुसरी गर्दी भरत होती. ती वालपराइसोची मुलगी दारात होती. मावशीने मला तिला विचारायला लावलं, हे नाटक तू पाहिलंस का? ती हसली. संध्याकाळी तिला सुट्टी नसते.

बसमध्ये बसल्यावर मावशीने माझा फोन मागून घेतला आणि ग्रुपवर बोलून निरोप टाकला. "जसं होतं तसं बांधा. बायकांचे संडास तेवढे दुप्पट करा. भेळवाल्यांना हलवू नका." कोल्हापुरात सकाळ झाली होती. मावसभावाने लगेच अंगठा पाठवला आणि विचारलं, नाटक कसं होतं?

"जेवण चांगलं होतं," मावशीने सांगितलं.