आमचे येथे आठवणींचे थेट प्रक्षेपण करून मिळेल

ताई मास्टर्स करायला जर्मनीला गेली आणि नोकरी मला लागली. बिनपगारी, बिनसुट्टीची. हुद्दा कॅमेरामन. तिला घरची आठवण आली की आठवण जिथे असेल तिथे मी फोन घेऊन हजर व्हायचं. कधी आमच्या मुलुंडच्या स्वयंपाकघरात, कधी दादरच्या फुलबाजारात, कधी भर गर्दीच्या वेळी लोकलमध्ये.

हीच बाई इथे होती तेव्हा लोकलचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या घालायची. आता तिथून फरमाईश येते, "ए, जरा 'पुढील स्टेशन दादर' ऐकव ना." मी एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हाताने डब्यातल्या स्पीकरकडे फोन धरून उभा. शेजारचे एक काका आधी फोनकडे बघतात, मग माझ्याकडे.

"कोण?"

"बहीण. जर्मनीत असते."

झालं! जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता पहिला नंबर भारतीयांचा, त्यामुळे तिकडे निघालेला एखादा भाचा डब्यात प्रत्येकाच्या खिशात असतोच. काकांनी फोन सरळ स्वतःच्या हातात घेतला आणि ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी खर्चाचे पैसे दाखवायला उघडायच्या खात्याची, चौकशी सुरू केली. वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे आणि तेच पैसे महिन्याला ९९२ अशा हप्त्याने परत घ्यायचे, हे ऐकून कुर्ल्यापर्यंत काका गप्प होते. घाटकोपरला उतरताना म्हणाले, "त्यापेक्षा भाच्याला सीएला बसवतो." फोन परत मिळाला हेच नशीब.

आईचं आणि परदेशाचं मात्र पहिल्यापासूनच बिनसलेलं. एका बॅगेत तेवीस किलो, त्यामुळे वजनकाट्यावर आधी मी एकटा, मग बॅग कडेवर घेऊन मी, आणि बाबा वजाबाकीला. ती कटकट संपते तोवर कळलं की सुकं खोबरं न्यायचं नाही. तेलामुळे ते आपसूक तापून पेट घेऊ शकतं म्हणे. धोकादायक मालाच्या यादीत त्याला संयुक्त राष्ट्रांचा नंबरसुद्धा आहे, १३६३. आई म्हणाली, "सात पिढ्या डब्यात ठेवत आलो, कधी पेटलं नाही." त्यात युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी, म्हणजे तूप गेलं, पेढेही गेले. शेवटी खोबरं वेष पालटून गोड्या मसाल्यातून गेलं, सोबत मेतकूट आणि कुळथाचं पीठ.

त्या मसाल्याची आमटी ताईने पहिल्यांदा केली ती आईच्या देखरेखीखाली, व्हिडिओ कॉलवर. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला आणि होस्टेलच्या धुराच्या अलार्मने बोंब ठोकली. इकडे आई शांतपणे म्हणाली, "शिट्टी झाली वाटतं. गॅस बारीक कर." तिथे इलेक्ट्रिक शेगडी, जी बंद केली तरी बराच वेळ तापलेलीच राहते. मजल्यावरची मुलं पायजम्यात खाली पटांगणात जमली. ताई त्यांच्यात पातेलं हातात घेऊन उभी होती, कारण आमटी टाकून पळणं तिच्या रक्तात नाही. थंडीत कुडकुडत सगळ्यांनी एकेक घोट घेतला म्हणे. आईला एवढंच विचारायचं होतं, मीठ बरोबर होतं का?

घड्याळाचा छळ वेगळाच. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. "आज घड्याळ हलवतायत, उद्या पंचांग हलवतील," हे आईचं मत. मला त्याचा अर्थ एवढाच, की थंडीत तिला रात्री आठला आलेली आठवण माझ्या दाराशी साडेबाराला पोचते.

पण तिला खरा खायला उठतो तो तिथला रविवार. बहुतेक दुकानं बंद, ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या पिंपात टाकायलाही मनाई, खळखळाट होतो म्हणून. आमच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षं फरशा बदलणं चाललंय. ज्या ड्रिलविरुद्ध हिने सोसायटीच्या सेक्रेटरींना पानभर तक्रार दिली होती, त्याचीच आता चौकशी असते. "आज वरच्यांचं काम नाही का रे? घर किती शांत वाटतंय." मी छताकडे फोन करून उभा राहतो. ड्रिल सुरू झालं की हिचा जीव भांड्यात पडतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने दादरला झेंडूचा भावही केला, जर्मनीतून. फुलवाल्या मावशींनी स्क्रीनकडे बघून ऐकवलं, "ताई, युरोत कमावून पाच रुपयांना काय रडताय?" कमावत नाही, शिकतेय, हे ती सांगेपर्यंत मावशींनी झेंडू तोलला होता.

रडण्याचं तिचं तंत्र ठरलेलं आहे. आवाज भरून आला की "नेटवर्क जातंय" म्हणायचं आणि व्हिडिओ बंद करायचा. बाबा लगेच "हो हो, इकडेही जातंय" म्हणून चष्मा पुसायला घेतात. घरचं वायफाय या बाबतीत फारच समजूतदार आहे.

मध्यंतरी मी सहज म्हणालो की मीही बाहेर अर्ज करणार आहे. आई दचकली. "मग फोन कोण धरणार?" तेव्हापासून बाबांचं प्रशिक्षण चालू आहे. ते कॉल चालू असताना फोन टेबलावर आडवा ठेवून मोठमोठ्याने बोलतात, त्यामुळे परवा ताईने अर्धा तास फक्त हॉलमधला पंखा पाहिला. मी सरळ करायला गेलो तर म्हणाली, "राहू दे तसाच. पण पाचवर करा, त्याची करकर ऐकू येत नाहीये."